सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवसाय व रोजगारविषयक डिजिटल सेवा

सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर बाजाराचे अहवाल, कंपन्यांच्या याद्या, शेअरांचे विश्लेषण, कौशल्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि नोकरीच्या तयारीची साधने विनाशुल्क वापरू देणारी सेवा. ती सर्वांत जास्त रुजली अमेरिकेत, त्यामुळे या नोंदीत मुख्यतः तिथल्या पद्धतीचे वर्णन आहे. ब्रिटनमधील आणि महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार ओघाने केला आहे.

बाजाराची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे बँका, सल्लागार संस्था आणि मोठे उद्योग. या माहितीची वर्षाची वर्गणी अनेकदा हजारो डॉलरच्या घरात जाते. नवीन दुकान टाकणाऱ्याला किंवा नोकरी गेलेल्या माणसाला ती भरणे शक्य नसते, आणि माहितीची सर्वाधिक गरज नेमकी त्यालाच असते. ग्रंथालय कराच्या पैशातून ही वर्गणी भरते आणि गावातल्या प्रत्येक कार्डधारकाला दार उघडून देते. ग्रंथालयांविषयीच्या चर्चेत या कामाचा उल्लेख क्वचितच होतो, पण कथा-कादंबऱ्या घरी देण्याइतकेच ते मोलाचे आहे.

पूर्वपीठिका

या सेवेचा उगम संगणकाच्या फार आधीचा आहे. जॉन कॉटन डेना १९०२ मध्ये न्यू जर्सी राज्यातील नेवार्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख झाले. कारखाने आणि विमा कंपन्यांनी गजबजलेल्या या शहरात त्यांनी १९०४ मध्ये भर बाजारपेठेजवळ व्यापारी लोकांसाठी वेगळी शाखा उघडली. तिथे शहरोशहरीच्या डिरेक्टऱ्या, नकाशे आणि धंद्यांची नियतकालिके ठेवलेली असत. सार्वजनिक ग्रंथालयाने काढलेली ही पहिली व्यवसाय शाखा मानली जाते. उद्योगांत आणि संस्थांत काम करणाऱ्या ग्रंथपालांची ‘स्पेशल लायब्ररीज असोसिएशन’ ही संघटना १९०९ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही डेनाच होते.

पुढे बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९३० मध्ये कर्स्टीन व्यवसाय ग्रंथालय उघडले. या विभागांत कंपन्यांच्या आर्थिक स्थितीची माहिती देणारे मूडीजचे जाडजूड वार्षिक ग्रंथ आणि शेअरांचे विश्लेषण करणारी, १९३१ मध्ये सुरू झालेली व्हॅल्यू लाइनची पत्रके चाळायला गुंतवणूकदार येत. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने मे १९९६ मध्ये मॅडिसन अव्हेन्यूवरील एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत विज्ञान, उद्योग व व्यवसाय ग्रंथालय थाटले. संगणक आणि डेटाबेस केंद्रस्थानी ठेवून आखलेले ते ग्रंथालय २०२० मध्ये बंद झाले. त्याचे काम आता फिफ्थ अव्हेन्यूवरील स्टाव्ह्रोस निआर्कोस फाउंडेशन ग्रंथालयातील थॉमस योसेलॉफ व्यवसाय केंद्रात चालते.

कागदावरून पडद्यावर येण्याच्या या प्रवासात एका भारतीयाचाही मोठा वाटा आहे. खरगपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन अमेरिकेत गेलेले विनोद गुप्ता ओमाहा येथे फिरती घरे बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. विक्रेत्यांची यादी करायचे काम अंगावर पडल्यावर त्यांनी देशभरातील टेलिफोन डिरेक्टऱ्यांची पिवळी पाने मागवली आणि त्यांतून नावे वेचून यादी तयार केली. त्याच यादीच्या जोरावर १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. आज ती डेटा ॲक्सल या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील ग्रंथालयांत वर्षानुवर्षे ‘रेफरन्स यूएसए’ या नावाने परिचित असलेला आणि आता ‘रेफरन्स सोल्युशन्स’ म्हणवला जाणारा व्यवसायांचा डेटाबेस याच कंपनीचा. डेनांच्या शाखेतील डिरेक्टरीच इथे नव्या रूपात दिसते.

वापर कसा होतो

एडिसन-इसेलिन हा न्यू जर्सीतील भारतीय वस्तीचा भाग. तिथे घरगुती जेवणाचे डबे पुरवण्याचा धंदा करायचा आहे असे समजू. पहिला प्रश्न येतो स्पर्धेचा. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी मिळून केलेल्या उद्योग वर्गीकरणात प्रत्येक धंद्याला सहा अंकी क्रमांक असतो. केटरिंगचा क्रमांक ७२२३२०. रेफरन्स सोल्युशन्समध्ये हा क्रमांक टाकून नकाशावर ठरावीक मैलांचे वर्तुळ काढले की त्या टापूतील केटरर्सची नावे, पत्ते, फोन, कामगारांची संख्या आणि विक्रीचे आकडे समोर येतात. धंद्याचे इंग्रजी नाव टाकून शोधणाऱ्याच्या हाती भलतेच काही लागते, म्हणून क्रमांकाने शोधायची सवय लावून घ्यावी. विक्रीच्या आकड्याबाबतही सावध राहिलेले बरे. लहान खासगी धंदे आपला हिशेब जाहीर करत नाहीत, त्यामुळे तो आकडा बहुधा कामगारसंख्येसारख्या गोष्टींवरून बांधलेला अंदाज असतो. बँकेकडे कर्ज मागताना तो जसाच्या तसा मांडू नये.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकांचा. ‘सिम्पली ॲनालिटिक्स’सारख्या नकाशाधारित साधनात जनगणना खात्याची माहिती वस्तीनिहाय पाहता येते: उत्पन्न, वय, घरात बोलली जाणारी भाषा. इथे मराठी माणसाची एक अडचण होते. अमेरिकी जनगणना खात्याच्या भाषाविषयक सविस्तर तक्त्यात गुजराती, हिंदी, तेलुगू, तमिळ यांचे स्वतंत्र आकडे आहेत. मराठी मात्र ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ अशा एकत्रित रकान्यात मोजली जाते. तो आकडा मराठी घरांचा समजून पोळ्यांचा हिशेब बांधला, तर तो चुकणार. अशा वेळी मराठी मंडळाची सभासदसंख्या, किराणा दुकानदारांचा अनुभव अशा स्थानिक खुणांची जोड द्यावी लागते. डेटाबेस जिथे थांबतो तिथून पुढे पायी हिंडूनच माहिती काढावी लागते.

तिसरा प्रश्न त्या धंद्याच्या एकूण प्रकृतीचा. आयबिसवर्ल्डचे उद्योग अहवाल खर्चाची विभागणी, नफ्याचे प्रमाण आणि पुढील काही वर्षांचा अंदाज देतात. गेल या प्रकाशनसंस्थेच्या संग्रहात प्रत्यक्षातील व्यवसाय आराखड्यांचे नमुने सापडतात. आपला आराखडा लिहायला बसलेल्या माणसाला कोऱ्या कागदापेक्षा असा नमुना किती उपयोगी पडतो, हे सांगायला नको.

पण सगळ्यांत आधी विचारायला हवा असा प्रश्न कायद्याचा असतो, आणि जाणता ग्रंथपाल तो आपणहून काढतो. घरच्या स्वयंपाकघरात केलेले पदार्थ विकायला न्यू जर्सीने ऑक्टोबर २०२१ पासून परवाना पद्धत सुरू केली. असे करणारे ते अमेरिकेतील शेवटचे राज्य. ती सवलत थंड किंवा गरम ठेवावे लागत नाहीत अशाच पदार्थांना लागू आहे, त्यामुळे भाजी-आमटीचा डबा तिच्यात बसत नाही. त्यासाठी परवानाधारक व्यावसायिक स्वयंपाकघर लागते. हे आधी कळले तर भांड्यांवर होणारा खर्च वाचतो.

ग्रंथपालाचे काम

साधने कितीही चांगली असली तरी अर्धी सेवा ग्रंथपालाच्या डोक्यात असते. समोरचा माणूस ‘मला केटरिंगची माहिती हवी’ म्हणतो. त्याला खरोखर यादी हवी आहे, की परवान्याचे नियम, की कर्जासाठी आकडे, हे बोलतं करून काढून घ्यावे लागते. ही कला ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात रीतसर शिकवली जाते. ग्रंथपाल कायद्याचा किंवा कराचा सल्ला देत नाही, कुठले कलम कुठे वाचायचे ते दाखवतो. पुढच्या मार्गदर्शनासाठी तो ‘स्कोअर’ या संस्थेच्या स्वयंसेवकांकडे पाठवतो. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेतले अनुभवी आणि निवृत्त व्यावसायिक नवख्यांना फुकट सल्ला देतात, अनेकदा ग्रंथालयाच्याच खोलीत बसून. ब्रुकलिनचे सार्वजनिक ग्रंथालय याच्या आणखी पुढे गेले. २००३ पासून ते नव्या धंद्यांच्या आराखड्यांची स्पर्धा भरवते आणि विजेत्यांना भांडवल म्हणून रोख बक्षीस देते.

पेटंटच्या बाबतीत हे नाते फार जुने आहे. छापील पेटंटे ग्रंथालयांना वाटण्याची तरतूद अमेरिकेत १८७१ मध्ये झाली. आजही पेटंट कार्यालयाशी जोडलेली ठरावीक ग्रंथालये पेटंट आणि ट्रेडमार्क कसे शोधायचे ते शिकवतात. ब्रिटनमध्ये बेनेट वुडक्रॉफ्ट यांच्या पुढाकाराने १८५५ मध्ये पेटंट कार्यालयाचे ग्रंथालय सुरू झाले. तो संग्रह पुढे ब्रिटिश लायब्ररीकडे आला आणि तिने २००६ मध्ये लंडनच्या सेंट पॅनक्रास येथे व्यवसाय व बौद्धिक संपदा केंद्र उघडले. न्यूकॅसल, मँचेस्टर, लीड्स, लिव्हरपूल अशा शहरांच्या ग्रंथालयांतून त्याचे जाळे पसरले आहे.

नोकरी आणि कौशल्ये

२००८ च्या मंदीत अमेरिकेतील ग्रंथालयांत नोकरी शोधणाऱ्यांची रीघ लागली. अर्ज ऑनलाइनच भरायचे आणि घरात इंटरनेट नाही, अशी कित्येकांची अवस्था होती. तेव्हापासून बायोडेटा तपासणे, मुलाखतीचा सराव आणि संगणकाचे प्राथमिक वर्ग हा मोठ्या शहरांतील ग्रंथालयांचा नित्याचा कार्यक्रम झाला. ‘ब्रेनफ्यूज जॉबनाऊ’सारख्या सेवेत तज्ज्ञ त्याच वेळी ऑनलाइन बसून बायोडेटा सुधारून देतो. युडेमी किंवा लिंक्डइन लर्निंगवरील अभ्यासक्रम कार्डावर मोफत करता येतात. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या आणि काम करण्याची परवानगी अजून न मिळालेल्या मराठी पदवीधरांना ही सोय मोलाची आहे. परवानगी हातात येईपर्यंत सॉफ्टवेअर चाचणी, हिशेब किंवा डेटा विश्लेषण शिकून तयार राहता येते.

लिंक्डइन लर्निंगच्या संदर्भात एक वाद झाला होता, तो नोंदवण्याजोगा आहे. लिंडा डॉट कॉम हे ग्रंथालयांत लोकप्रिय असलेले ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जुळवणाऱ्या संकेतस्थळाच्या कंपनीने २०१५ मध्ये विकत घेतले. २०१९ मध्ये लिंडाचे लिंक्डइन लर्निंग होताना नव्या व्यवस्थेत वाचकांनी लिंक्डइनवर स्वतःचे खाते उघडणे सक्तीचे होणार, असे जाहीर झाले. वाचक काय वाचतो, काय शिकतो हे गुप्त ठेवणे हा ग्रंथालयाचा धर्म आहे, अशी ठाम भूमिका घेऊन अमेरिकन ग्रंथालय संघटनेने त्याला जाहीर विरोध केला. पुढे कंपनीने केवळ कार्ड क्रमांक आणि पिन यांवर प्रवेश देण्याची सोय केली. नोकरी बदलण्याच्या विचारात असलेला माणूस काय शिकतो आहे हे त्याच्या मालकाला कळू नये, इतकी साधी गरज त्या विरोधामागे होती.

परवाने आणि मर्यादा

छापील डिरेक्टरी ग्रंथालयाच्या मालकीची असे, ती फाटेपर्यंत कपाटात राही. डिजिटल साधन मालकीचे नसते. ग्रंथालय त्याच्या वापराचा परवाना घेते आणि करार संपला की मागच्या वर्षांची माहितीही हातची जाते. अंदाजपत्रकाला कात्री लागली की महाग आणि कमी वापरले जाणारे डेटाबेस आधी बंद होतात. मग ज्याच्या हाताशी दुसरा पर्याय नाही त्याचेच काम अडते. या सेवेतील ही सर्वांत कच्ची बाजू आहे. टेक्सासमधील ‘टेक्सशेअर’ आणि मिशिगनमधील राज्यव्यापी ई-ग्रंथालय हे त्यावरचे चांगले उपाय म्हणावे लागतील. राज्य एकत्रित सौदा करते आणि लहान गावालाही शहराइतकी साधने मिळतात.

परवान्यांच्या अटी वेगवेगळ्या असतात. काही साधने घरून उघडतात, काही फक्त ग्रंथालयाच्या इमारतीत. एका वेळी किती नोंदी उतरवायच्या यावर बंधन असते आणि मिळालेली यादी पुढे विकण्यास मनाई असते. कार्ड कोणाला मिळते हेही स्थानिक नियमांवर ठरते. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या, काम करणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा मालमत्ता कर भरणाऱ्या कोणालाही मोफत मिळते. म्हणजे जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्यालाही ते काढता येते.

महाराष्ट्रातील परिस्थिती

ग्रंथालय कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळालेली ग्रंथालये शासकीय अनुदान आणि वाचकांची वर्गणी यांवर चालतात. अनुदानाची रक्कम पुस्तके, नियतकालिके आणि तुटपुंजे पगार यांतच संपते, व्यावसायिक डेटाबेससाठी काही उरत नाही. करिअरसाठी ग्रंथालयाचा खरा उपयोग इथे होतो तो अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तालुक्याच्या गावीसुद्धा पहाटेपासून जागा धरून बसतात.

केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना २०२५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठी तीन वर्षांत ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. पण ती शोधनियतकालिकांपुरती आहे आणि सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. गावचे वाचनालय तिच्या कक्षेत येत नाही. खरगपूर आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मात्र सर्वांना खुले आहे. ते २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्यात परीक्षांच्या तयारीचे साहित्यही आहे.

पैसे न लागणाऱ्या साधनांची इथेही वाण नाही. पेटंट आणि ट्रेडमार्क शोधण्याचे सरकारी संकेतस्थळ फुकट आहे. नॅशनल करिअर सर्व्हिस आणि महास्वयम् या पोर्टलांवर नोकरीसाठी नोंदणी करता येते. १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणीही विनाशुल्क होते, आणि तिच्यासाठी राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातील आपल्या धंद्याचा क्रमांक द्यावा लागतो. पापड करणारा बचत गट असो की पंक्चर काढणारा, अर्ज भरताना तो अडतो याच रकान्यापाशी आणि सायबर कॅफेत पैसे मोजून अर्ज भरून घेतो. पुस्तकांना वर्गीकरणाचे क्रमांक लावण्यात मुरलेला माणूस गावात आधीपासून असतो, तो म्हणजे वाचनालयाचा ग्रंथपाल. एक संगणक, इंटरनेटची जोडणी आणि थोडे प्रशिक्षण त्याला मिळाले, तर हा अर्ज वाचनालयाच्या टेबलावरही भरता येईल.