जिवाणूंच्या लशी आणि ॲलर्जी-दमा

जिवाणूंपासून केलेली लस ठरलेल्या रोगापलीकडेही रोगप्रतिकार यंत्रणेला वळण लावते. ॲलर्जी आणि दम्यावर या वळणाचा काही परिणाम होतो का, याचा हा अभ्यासविषय.

परागकण, धूळ अशा निरुपद्रवी गोष्टींविरुद्ध शरीराने आयजीई प्रतिपिंडे बनवणे म्हणजे ॲलर्जी. हे टीएच-२ या मदतनीस पेशींच्या इशाऱ्यावर होते. जिवाणूंशी झुंजणाऱ्या टीएच-१ पेशी त्यांना आवर घालतात, अशी तराजूची कल्पना पुढे रुजली. १९८९ मध्ये साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅकन यांना १७,४१४ ब्रिटिश मुलांच्या नोंदींत असे दिसले, की थोरली भावंडे जास्त असलेल्यांना परागज्वर कमी होतो. भावंडांकडून लहानपणी होणाऱ्या संसर्गाचा हा फायदा असावा, असे त्यांनी सुचवले. तोच लशीतून मिळेल का, या प्रश्नाने बीसीजीकडे लक्ष गेले.

१९२१ मध्ये प्रथम माणसाला दिलेली ही क्षयाची लस आपल्याकडे जन्मतःच डाव्या दंडावर टोचतात. नाशिकमध्ये तो व्रण नसलेले मूल शोधावे लागेल. तरीही निफाडकडे पारा उतरला किंवा पावसाळा सरताना गाजरगवत फुलले, की छाती घरघरणारी मुले दवाखान्यात येतातच. पण एवढ्यावरून बीसीजीला नापास करता येत नाही. लस न घेतलेलीच मुले नाहीत, तर तुलना कोणाशी करणार? डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियात ती करता आली. तिथे बाळांच्या इसबात एकूण ठळक फरक पडला नाही. ॲलर्जी असलेल्या पालकांच्या बाळांत मात्र थोडा उतार दिसला.

मुळात तराजूच अपुरा आहे. जंतांमुळे टीएच-२ प्रतिसाद जोरात चढतो, पण ॲलर्जी वाढतेच असे नाही. आता भर आहे तो दोन्ही बाजूंना लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशींवर. युरोपात तोंडावाटे दिला जाणारा ओएम-८५ हा आठ जातींच्या जिवाणूंचा अर्क आतड्यातून त्यांनाच चेतवतो, असे मानतात. वारंवार घरघर होणाऱ्या लहान मुलांत काही चाचण्यांमध्ये त्याने झटके कमी झाले. दम्याचा पंप मात्र त्याने सुटत नाही.

डांग्या खोकल्याची लसही इथे येते. ती ज्यात असते त्या सरकारी पेंटाव्हॅलंट या पाच-रोगांच्या लशीत (६, १० आणि १४ आठवडे) अख्खे मृत जिवाणू असतात. खाजगीत मिळणाऱ्या 'पेनलेस' लशीत फक्त त्यांची निवडक प्रथिने. दुसरीचा कल टीएच-२ कडे अधिक असतो. त्यातून ॲलर्जी वाढते, हे सिद्ध झालेले नाही.