कानाला दडे बसलेत, की नस बधिर झालीय?

सकाळी उठावं तर एका कानाला दडे बसलेले. त्या कानाला फोन लावला तर पलीकडचं नीट ऐकूच येत नाही. मळ असेल, सर्दी असेल, असं म्हणत घरातलं कुणीतरी कोमट तेलाची वाटी घेऊन हजर होतं. (कानात तेल घालू नका, पडद्याला भोक असेल तर ते आत जातं.)

अंदाज बहुधा खराही ठरतो. मळ, पडद्यामागे साचलेलं पाणी किंवा सर्दीने बंद झालेली कान-घसा जोडणारी नळी यांमुळे आवाज वाटेतच अडतो. आंघोळीनंतर दडे वाढले, तर मळ पाण्याने फुगलाय असं समजावं. तो काढला की लगेच ऐकू येतं.

पण कानाची नस अचानक बधिर झाली तरी सुरुवातीला अगदी असेच दडे जाणवतात. काही तासांत, फार तर तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं उतरतं, कानात गुंई असा आवाज सुरू होतो, कधी चक्करही येते. कान दुखत नाही, म्हणूनच माणूस निवांत राहतो. कारण बहुतेकदा सापडत नाही. उपचार म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून इंजेक्शन, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तरच जास्त उपयोग. मधुमेह असेल तर आधी सांगा, स्टेरॉइडने साखर चढते.

कानात मळ दिसला म्हणून नस शाबूत आहे असं होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. इथे कामी येतो ५१२ हर्ट्झचा नादकाटा, म्हणजे ठोकल्यावर एकाच सुरात वाजणारा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क). तो वाजवून कपाळाच्या मध्यभागी टेकवतात. अडथळा असेल तर नाद दडे बसलेल्या कानात मोठा येतो, नस बिघडली असेल तर चांगल्या कानात. जर्मन वैद्य वेबर यांच्या नावाची ही चाचणी एकोणिसाव्या शतकातली, पण आजही मिनिटभरात दिशा दाखवते. तत्त्व पटत नसेल तर दोन्ही कान ठीक असताना एका कानात बोट घालून ‘हं’ असा सूर धरा; तो बोट घातलेल्या कानातच घुमेल.

एका कानाला दडे बसले असतील तर बोट न घालता ‘हं’ करा. सूर दडे बसलेल्या कानाऐवजी चांगल्या कानाकडे ओढला गेला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. खात्री ऑडिओमेट्रीनेच (ऐकण्याची क्षमता मोजणाऱ्या चाचणीनेच) होते, आणि नसेवर गाठ नाही ना हे पाहायला पुढे एमआरआयही सांगतात.