‘मंडळीत राजकारण नको’ हे आले कुठून?

निवडणूक जवळ आली की नवापूरकडच्या चर्चच्या दाराशी गाडी थांबते. रविवारची उपासना संपत आलेली असते, बायका सतरंजीवरून उठायच्या बेतात असतात. उमेदवार चपला काढून आत येतो आणि पाळकांकडून प्रार्थना करून घेतो. तो गेल्यावर कुणी वडीलधारे हमखास म्हणतात, “मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, राजकारण नको.” अनेकांना हे वाक्य पवित्र शास्त्रातलेच, बायबलातलेच वाटते. ते तिथले नाही.

शास्त्रात आहे ती ओढाताण. रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र न्यायसभेपुढे उभा राहून म्हणतो, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला, ३८० मध्ये थिओडोसियसने ख्रिस्ती श्रद्धेला राजधर्म केले, आणि पेत्राचे ते वाक्य बराच काळ मागे पडले. सत्तेच्या मांडीवर बसलेली मंडळी सत्तेला जाब विचारू शकत नाही, हे मला त्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

खानदेशात सुवार्ता आणली ती मुख्यतः स्वीडिश आणि अमेरिकन मिशनऱ्यांनी. त्यांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, भिल्ल आणि मावची या आदिवासी जमातींच्या पाड्यांवर पायी फिरले. हे ऋण मोठे आहे. पण ते ब्रिटिश प्रजाजन नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर अशा मिशनांना इथे राहायचे तर सरकारचा मान राखू, राजकारणापासून दूर राहू, अशी हमी द्यावी लागे. परदेशी पाहुण्यावर घातलेली ही अट इथल्या माणसाने श्रद्धेचा नियम म्हणून उचलली, असे माझे मत आहे. १९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन आपल्या फैजपुरात भरले. हमीपत्राखाली वाढलेल्या मंडळ्यांना तिकडे जा म्हणून कोण सांगणार होते?

इतरत्र ख्रिस्ती माणसे गप्प नव्हती. पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या. गोलमेज परिषदेत के. टी. पॉल आणि एस. के. दत्त यांनी धर्मवार स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष. १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्यात त्यांचा पुढाकार होता. आपल्यासाठी वेगळा वाटा मागायचा नाही, सगळ्यांच्या न्यायासाठी बोलायचे, ही ख्रिस्ती राजकारणाची मला सर्वांत पटणारी रीत.

वेगळा वाटा न मागताही न्याय मिळेल, या विश्वासाला तडा गेला १९५० मध्ये. अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू असण्याची, म्हणजे धर्माची अट आली. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तीतून वाट मिळाली, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. म्हणून एकाच बाकावर बसून एकाच गीताच्या पुस्तकातून गाणाऱ्या दोघांपैकी मावची भावाला जमातीचा दाखला मिळतो, आणि ज्याचे आजोबा महारवाड्यातून आले त्याला अनुसूचित जातीचा मिळत नाही. आता मावची भावाचा दाखलाही धर्मांतरामुळे काढून घ्यावा, अशी मागणी मोर्च्यांतून होते आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये जातींच्या आदेशातली धर्माची अट काढण्याची शिफारस केली. ती अट अजून तशीच आहे.

व्यासपीठावरून उमेदवाराचे नाव घेऊ नये, हे वडीलधाऱ्यांचे मला मान्यच आहे. पण या दाखल्यांसाठीचे निवेदन उपासनेनंतर वाचून दाखवावे, सह्या घ्याव्यात, आणि पाळकांनी स्वतः ते तहसील कचेरीत नेऊन द्यावे.