व्हेक्टर असूनही आयकन धूसर का दिसतो?

व्हेक्टर चित्र, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांच्या मापांनी साठवलेलं चित्र, कितीही मोठं केलं तरी त्याच्या कडा तुटत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लहान केल्यावर मात्र ते बिघडतं, आणि डेस्कटॉपवरचे पुष्कळसे आयकन लहानच असतात: पॅनेलवर, मेनूत, टूलबारवर १६ नाहीतर २२ पिक्सेल. म्हणून लिनक्ससाठी स्वतःची आयकन थीम (एकाच शैलीतल्या आयकनांचा संच) करायची असेल, तर सुरुवात १६ पिक्सेलपासून करावी. आधी २५६ पिक्सेलचं देखणं चित्र काढून मग ते आवळत आणलं, की बारीक काम सगळं वाया जातं.

एसव्हीजी ही व्हेक्टर चित्राची फाइल. तिच्यात रंगाचे ठिपके नसतात, निर्देशांक (कुठला बिंदू कुठे, ते सांगणारे आकडे) असतात. पडदा मात्र ठिपक्यांचाच. चित्र उमटवणारा प्रोग्रॅम प्रत्येक पिक्सेलचा किती भाग आकाराखाली येतो ते पाहतो आणि तेवढाच गडद रंग त्यात भरतो. एसव्हीजीत पूर्णांक पिक्सेलच्या मध्यावर पडत नाही, दोन पिक्सेलांच्या सीमेवर पडतो. त्यामुळे १ पिक्सेल जाडीची काळी उभी रेघ एक्स = ५ वर ओढली, तर ती अर्धी सीमेच्या डावीकडे आणि अर्धी उजवीकडे जाते. पडद्यावर दिसते ती २ पिक्सेल रुंद, करडी, फिकट रेघ. तीच ५.५ वर ओढली तर एका पिक्सेलच्या रांगेत नेमकी बसते. २ पिक्सेल जाडीची रेघ मात्र पूर्णांकावरच ओढायची.

इंकस्केप या व्हेक्टर चित्रं काढायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये याची तयारी पाच मिनिटांची आहे. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पान १६ × १६ पिक्सेल, व्ह्यूबॉक्स (चित्राच्या आकड्यांची चौकट) ० ० १६ १६, ग्रिडचं अंतर १, आणि स्नॅपिंग (बिंदू ग्रिडच्या रेषेला आपोआप चिकटणं) चालू. आकार लहान-मोठा करताना रेघेची जाडीही बदलेल असा पर्याय सुरू असतो. तो बंद करावा, नाहीतर २ ची जाडी नकळत १.८७ होऊन बसते. आयकन प्रिव्ह्यूची खिडकी कायम उघडी ठेवावी. मोठ्या झूमवर सुबक दिसणारं चित्र खऱ्या मापात कसं दिसतं, ते तिथेच कळतं.

देवनागरी कीबोर्ड चालू आहे हे दाखवणारा ‘म’चा आयकन घ्या. फॉन्टमधलं अक्षर टाकून ऑब्जेक्ट टू पाथ केलं, म्हणजे अक्षराचा नुसता आकार करून टाकला, की फॉन्ट नसलेल्या संगणकावरही ते तसंच दिसेल. पण शिरोरेषा ३.३७ अशा कुठल्यातरी आकड्यावर बसलेली असते आणि १६ पिक्सेलला तिचा नुसता धूर होतो. आकाराचे बिंदू, म्हणजे नोड, हातानं सरकवावे लागतात: शिरोरेषा वाय = २ ते ४, दांडा एक्स = १० ते १२. डावीकडच्या गाठीतलं भोक एका पिक्सेलहून लहान राहत असेल, तर गाठ सरळ भरीव करावी. अर्धवट भोकापेक्षा भरीव गाठ केव्हाही चांगली वाचता येते.

वरचे आकडे मुद्दाम सम ठेवले आहेत. पडदा १५० टक्के मोठा केला तर २, ४, १०, १२ चे ३, ६, १५, १८ होतात, म्हणजे पुन्हा पूर्णांकच. १२५ टक्क्यांना मात्र फक्त ४ च्या पटीतल्या कडा धारदार राहतात. तिथे थोडी तडजोड मान्य करावी लागते.

रंगाचा घोळ वेगळा. नावाच्या शेवटी ‘-सिम्बॉलिक’ असलेल्या (एकरंगी) आयकनला जीटीके ३ ही ग्नोम डेस्कटॉपच्या खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी थीमनुसार रंग देते, पण बदलते तो भरलेला रंग. नुसत्या रेघेनं काढलेला काळा आयकन काळाच राहतो आणि गडद पॅनेलवर गायब होतो. उपाय म्हणजे स्ट्रोक टू पाथ, म्हणजे रेघेचा भरीव आकार करणं. हे सगळ्यात शेवटी करावं आणि रेघांची मूळ फाइल वेगळी जपावी, कारण एकदा पाथ झाल्यावर जाडी बदलणं फार किचकट होतं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची पद्धत निराळी आहे: तिथे फाइलमध्येच ‘कलरस्कीम-टेक्स्ट’ हा क्लास आणि ‘करंटकलर’ लिहावं लागतं. शिवाय केडीई ज्यावर उभं आहे त्या क्यूटी लायब्ररीचं एसव्हीजी मॉड्यूल एसव्हीजी टायनी १.२ या छोट्या आवृत्तीवर बेतलेलं आहे. ब्लर फिल्टर लावून केलेली मऊ सावली जुन्या आवृत्त्यांत उमटतच नाही. सावली हवीच असेल तर ग्रेडियंटनं काढा.

आता थीम. होम फोल्डरात ‘.लोकल/शेअर/आयकन्स’ इथे थीमच्या नावाचा फोल्डर करायचा आणि त्यात ‘इंडेक्स.थीम’ ही फाइल ठेवायची. तिच्यात नाव, ‘डिरेक्टरीज’ (उपफोल्डर) यांची यादी आणि ‘इनहेरिट्स’ (कमी पडलेले आयकन कुठल्या थीममधून घ्यायचे) लागतं. प्रत्येक उपफोल्डरासाठी माप, प्रकार (फिक्स्ड की स्केलेबल) आणि कॉन्टेक्स्ट (त्यातले आयकन कशासाठीचे) वेगळे लिहायचे. उपफोल्डर आहे पण यादीत त्याचं नाव नाही, तर त्यातला एकही आयकन दिसत नाही. नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो. ‘इनहेरिट्स’मध्ये अद्वैता (ग्नोमची थीम) किंवा ब्रीझ (केडीईची) लिहिलं, की आपण न काढलेले आयकन तिथून येतात, आणि सगळ्यात शेवटी ‘हायकलर’ या सगळ्यांच्या सामाईक थीममध्ये शोध होतो. त्यामुळे पहिल्या फेरीत वीस-पंचवीस आयकन झाले तरी थीम वापरता येते. फाइलींची नावं मात्र ठरलेलीच हवीत: ‘फोल्डर’, ‘युजर-ट्रॅश’, ‘डॉक्युमेंट-सेव्ह’. २००५ साली सुरू झालेल्या टँगो प्रकल्पामुळे ही सामाईक नावं रुळली.

सगळं बरोबर असूनही नवा आयकन दिसत नसेल, तर कॅश (आयकनांची आधीच बनवून ठेवलेली यादी) तपासा. जीटीके या कॅशची तारीख थीमच्या मुख्य फोल्डराच्या तारखेशी ताडून पाहते. आपण आयकन टाकतो आतल्या उपफोल्डरात, त्यामुळे मुख्य फोल्डराची तारीख बदलत नाही आणि जुनी कॅशच ताजी समजली जाते. ‘जीटीके-अपडेट-आयकन-कॅश’ ही आज्ञा ‘-एफ’ जोडून चालवावी आणि आयकन ज्यात दिसायला हवा तो ॲप बंद करून पुन्हा उघडावा.