चौरस आयताच्या पोटात कसा आला?

चौरस हा आयत आहे का? आठवीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की हमखास दोन तट पडतात. ‘नाही, आयत लांबट असतो’ म्हणणाऱ्यांना आपण चूक ठरवतो आणि फळ्यावर वेन आकृती काढतो. समांतरभुज चौकोनांचं मोठं वर्तुळ, त्याच्या आत एकमेकांना छेदणारी दोन लहान वर्तुळं, एक आयतांचं, दुसरं समभुज चौकोनांचं. दोन्हींच्या सामाईक भागात चौरस. विषय संपला. पण त्या ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलांच्या बाजूने भूमितीचा ग्रीक आद्य ग्रंथकार, खुद्द युक्लिड उभा आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या पुस्तकातली बाविसावी व्याख्या पाहा. काळ इसवी सनापूर्वी 300 च्या आसपासचा. चौरस म्हणजे समभुज आणि काटकोनी. आयत म्हणजे काटकोनी, पण समभुज नसलेला. समभुज चौकोन म्हणजे समभुज, पण काटकोनी नसलेला. पुढे संमुख बाजू आणि संमुख कोन सारखे असलेला, तरीही समभुज नाही आणि काटकोनीही नाही असा एक प्रकार, आणि उरलेल्या सगळ्यांना एकच नाव, ट्रॅपेझिया. म्हणजे पाच वेगवेगळे डबे. एका डब्यातली आकृती दुसऱ्यात जायचीच नाही.

गंमत अशी की सिद्धता लिहायला बसल्यावर युक्लिडलाही हे डबे पाळता आले नाहीत. त्याच पुस्तकातलं सेहेचाळिसावं विधान आहे दिलेल्या रेषेवर चौरस काढण्याचं. तो रेषेच्या एका टोकाशी लंब उभारतो, त्यावर रेषेइतकीच लांबी मोजून घेतो, मग दोन समांतर रेषा काढून आकृती बंद करतो. आणि मग म्हणतो, ही आकृती समांतरभुज आहे, म्हणून तिच्या संमुख बाजू सारख्या. चौतिसाव्या विधानात त्याने हा गुणधर्म सर्व समांतरभुज चौकोनांसाठी एकदाच सिद्ध केलेला होता, तो इथे आयता कामी आला. चौरस हा समांतरभुज चौकोनच नाही असं धरलं असतं, तर तीच सिद्धता पुन्हा लिहावी लागली असती. वर्गीकरण एकात एक सामावणारं होण्यामागचं खरं कारण हे आहे. एकदा केलेलं काम आतल्या सगळ्यांना लागू पडतं.

आपल्याकडची गोष्ट मला याहून जवळची वाटते. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन शुल्बसूत्रांत समचतुरश्र (चौरस) आणि दीर्घचतुरश्र (आयत) अशी जोडी आहे. आपला ‘चौरस’ शब्द या चतुरश्रातूनच आला. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये चौकोनांचे सम, आयत, द्विसम, त्रिसम आणि विषम असे पाच प्रकार धरले. इथेही डबेच. पण 1150 सालच्या ‘लीलावती’त भास्कराचार्य वेगळं काही करतात. त्यांच्याकडे चारही बाजू सारख्या असलेला तो ‘तुल्यचतुर्भुज’, आणि चौरसाला ते म्हणतात ‘समश्रुति तुल्यचतुर्भुज’. श्रुति म्हणजे कान, म्हणजे कर्ण. थोडक्यात, कर्णही सारखे असलेला समभुज चौकोन! नावातच आधी मोठा संच आणि मग त्याला वेगळं काढणारा गुणधर्म. आणि क्षेत्रफळाचं सूत्र देताना हाच चौरस आयताच्या शेजारी येऊन बसतो: ‘समश्रुतौ तुल्यचतुर्भुजे च तथायते तद्भुजकोटिघातः’. दोघांचं क्षेत्रफळ लगतच्या दोन बाजूंचा गुणाकार. एक पाय समभुजांत, दुसरा आयताच्या नियमात. फळ्यावरच्या दोन वर्तुळांचा तो सामाईक भाग या ओळीत मला स्पष्ट दिसतो.

त्यांचं उदाहरणही पाहण्यासारखं आहे. प्रत्येक बाजू 25. एक कर्ण 30 घेतला तर दुसरा 40 येतो, क्षेत्रफळ 600. एक कर्ण 14 घेतला तर दुसरा 48, क्षेत्रफळ 336. दोन्ही कर्ण सारखे झाले की 625. दुकानाची सरकती लोखंडी जाळी ओढताना तिच्यातले चौकोन नीट पाहा. पट्ट्या त्याच, लांबी तीच, आकार मात्र अरुंद होत जातो, आणि मध्ये एका क्षणी तो चौरस असतो. त्या क्षणी तो समभुज राहिला नाही असं कोण म्हणेल? नुसत्या बाजू सांगून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी चक्क पिशाच म्हटलंय, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. ही परंपरा आपल्या अंगणातली आहे.

वर्तुळं मात्र बरीच उशिरा आली, आणि तीही भूमितीसाठी नव्हे, तर्कशास्त्रासाठी. गणिती ऑयलरने 1761 मध्ये एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत ‘सर्व अ हे ब आहेत’ अशी विधानं वर्तुळात वर्तुळ काढून समजावली. केंब्रिजचे तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1880 मध्ये त्यात बदल सुचवला: आधी सगळ्या शक्य जोड्यांचे कप्पे काढा, मग जे रिकामे ठरतील ते छायांकित करा. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर, समांतरभुजच्या आत आयत काढून आपण जी आकृती दाखवतो ती ऑयलरची. वेनच्या रीतीत ‘आयत आहे पण समांतरभुज नाही’ हा कप्पाही काढावा लागेल आणि तो रिकामा म्हणून रंगवावा लागेल. वर्गात हे एकदा करून पाहावं. तो कप्पा रिकामा का, हे मुलांना सिद्ध करावं लागतं.

मुलं का अडतात, याचं सर्वांत उपयोगी उत्तर मला 1957 मध्ये नेदरलँड्समधल्या पिएर आणि डिना व्हान हीले या शिक्षक दांपत्याने मांडलेल्या पायऱ्यांत सापडतं. मूल आधी आकार पाहून नाव देतं, मग गुणधर्म मोजतं, आणि त्यानंतर कुठे एका गुणधर्मातून दुसरा निघतो हे त्याला दिसू लागतं. वेन आकृती या तिसऱ्या पायरीवरची आहे. ती पहिल्या पायरीवरच्या मुलापुढे ठेवली तर ते पाठ करतं, एवढंच.

लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या सारख्या असलेला चौकोन म्हणजे पतंग; त्याचं वर्तुळ काढलं तर ते समांतरभुजला नेमकं समभुज चौकोनांत छेदतं. समलंबावर मात्र आजही एकमत नाही. आपल्याकडे साधारणपणे ‘संमुख बाजूंची एकच जोडी समांतर’ असं शिकवतात, म्हणून त्याचं वर्तुळ समांतरभुजच्या बाहेर राहतं. ‘किमान एक जोडी’ म्हटलं, की तेच वर्तुळ समांतरभुजला पोटात घेतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. समलंबाच्या क्षेत्रफळाचं सूत्र घ्या, समांतर बाजूंच्या बेरजेची निमपट गुणिले उंची. दोन्ही समांतर बाजू सारख्या घातल्या की पाया गुणिले उंची उरते, तेच समांतरभुज चौकोनाचं सूत्र.