ट्रॅक्टर नुसत्या एचपीवर ओढत नाही

नवीन ट्रॅक्टर दारात आला की पहिला प्रश्न ठरलेला, किती एचपीचा? पण चाकच जागेवर घसरत असेल तर ती ताकद नुसती ढेकळं उडवण्यात जाते. खरा प्रश्न मागच्या चाकावर वजन किती पडतंय हा आहे.

जुने ट्रॅक्टर नांगर गाड्यासारखा मागे ओढायचे, म्हणून पकड यायला ट्रॅक्टरच अवजड लागायचा. त्यात नांगर खडकात अडकला की चाक थांबायचं आणि इंजिनाचा पीळ ट्रॅक्टरलाच ॲक्सलभोवती फिरवायचा, तोंड वर उचललं जाऊन ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर. आपल्याकडे याला अजून नजर लागली म्हणतात, लिंबू-मिरची बांधतात. अहो, हा पीळ आहे, तो लिंबाला जुमानत नाही!

आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर जे केलं ते मला आजही भारी वाटतं. नांगर तीन दांड्यांवर जोडला, खाली दोन ओढायला, वर एक टॉप लिंक. माती फाळाला मागे रेटते तेव्हा नांगराचा वरचा भाग पुढे झुकू बघतो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते, म्हणजे तोंड उचलायला विरोध होतो. खरी गंमत पुढे आहे. टॉप लिंकमागे एक स्प्रिंग असते, माती कडक लागली की ती दबते, त्याने हायड्रोलिक पंपाचा व्हॉल्व्ह सरकतो (तोही पंपाच्या तेल ओढायच्या बाजूला, त्यामुळे काम नसताना तेल उगाच तापत नाही), लिफ्ट (तेलाच्या दाबाने नांगर उचलणारी यंत्रणा) नांगराला किंचित वर ताणते, आणि नांगराचं अन् त्यावरच्या मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं. म्हणजे जमीन जितकी कडक तितकी पकड जास्त, आणि हे सगळं आपोआप, १९३६ सालीच, एकही सेन्सर नसताना! आणि दगडावर एकदम आदळला तर उलटं, लिफ्टमधला दाब सुटतो, चाकावरचं वजन जातं, चाक जागेवर फिरतं, ट्रॅक्टर उलटत नाही.

त्याचा टीई-२० हा ट्रॅक्टर इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ मध्ये पाच लाखांवर बनला, वजन साधारण अकराशे-बाराशे किलोच. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिळाली, आपल्याकडचा मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर त्याच घरातला.

आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरवर सीटशेजारी लिफ्टचे दोन लिव्हर असतात, पोझिशनचा नांगर एका ठरलेल्या उंचीवर धरतो, आणि ड्राफ्टचा म्हणजे मातीच्या ओढीप्रमाणे नांगर वर-खाली करणारी हीच युक्ती. बरेच जण नांगरटीलाही तो न वापरता पोझिशनवरच चालवतात आणि मग चाक घसरतंय म्हणून जास्त एचपीचा ट्रॅक्टर बघायला जातात.