एका हाडावरून पंचवीस मीटर

2024 च्या एप्रिलमध्ये ‘ब्लू व्हेलएवढा डायनोसॉर सापडला’ अशा अर्थाचे मथळे जगभर फिरले. त्यातला ‘डायनोसॉर’ हा शब्द चुकीचा आहे आणि ‘सापडला’ हा शब्द अर्धाच खरा आहे. प्राण्याचं नाव इक्थिओटायटन सेव्हर्नेन्सिस. तो इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटातला, आणि हा गट डायनोसॉरांपासून पूर्ण वेगळा. आकार माशासारखा असला तरी श्वास फुफ्फुसांनी घ्यायचे आणि अंडी न घालता पिल्लांना जन्म द्यायचे. सापडलं काय, तर खालच्या जबड्याचं एक हाड, तेही तुकड्यांत.

इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर 2016 मध्ये लिलस्टॉक इथे एका हौशी जीवाश्मसंग्राहकाला पहिला तुकडा मिळाला. 2020 मध्ये त्याच किनाऱ्यावर ब्लू अँकर इथे वडिलांबरोबर फिरणाऱ्या 11 वर्षांच्या मुलीला दुसऱ्या प्राण्याचं तेच हाड दिसलं. पुराजीवशास्त्रज्ञ डीन लोमॅक्स आणि सहकाऱ्यांनी तुकडे जुळवले, तेव्हा हाडाची लांबी दोन मीटरहून जास्त भरली. वय सुमारे 20 कोटी 20 लाख वर्षं.

आपला खालचा जबडा एकाच हाडाचा असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत तो अनेक हाडं जुळून बनतो. त्यातलं मागच्या बाजूचं, जबडा मिटवणारे स्नायू ज्याच्याजवळ जोडलेले असतात, ते सुरँग्युलर. हेच ते हाड.

आता यावरून अख्ख्या प्राण्याची लांबी कशी काढतात? पद्धत आपल्या शाळेतल्या त्रैराशिकाचीच. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये शोनिसॉरस सिकॅनिएन्सिस हा इक्थिओसॉर सापडला आहे. त्याचा सांगाडा बराच शिल्लक आहे आणि लांबी सुमारे 21 मीटर मानली जाते. लिलस्टॉकचं हाड त्याच्या त्याच हाडापेक्षा साधारण 25 टक्के मोठं आहे. म्हणून 21 गुणिले 1.25, म्हणजे 26 मीटरच्या आसपास.

पण या त्रैराशिकात एक गृहीतक दडलेलं आहे. दोन्ही प्राण्यांत जबडा आणि शरीर यांचं प्रमाण सारखंच होतं, असं आपण न बोलता धरून चालतो. नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण पाव असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा हिस्सा. बाळाच्या डोक्याला मोठ्यांचं प्रमाण लावलं तर उंची दुप्पट येईल. एकाच जातीत वयानुसार एवढा फरक पडतो. मग वेगवेगळ्या जातींत, जिथे कुणाचा मुस्कटाचा भाग लांब तर कुणाचा आखूड, तिथे काय होईल? म्हणूनच लोमॅक्स यांच्या गटाने 2018 मध्ये इतर नातेवाइकांशीही तुलना केली आणि 20 ते 25 मीटर असा पल्ला दिला. एकच आकडा दिला नाही, हे मला फार प्रामाणिकपणाचं वाटतं.

हा पल्ला लहान वाटतो, पण वजनाच्या हिशेबात तो प्रचंड आहे. आकार तोच ठेवून लांबी वाढली की वजन लांबीच्या घनाने वाढतं, कारण रुंदी आणि उंचीही सोबत वाढतात. 20 च्या जागी 25 मीटर धरले तर 1.25 चा घन, म्हणजे 1.95. वजन जवळपास दुप्पट! लांबीतली चूक वजनात तिप्पट नाही, घनाने उतरते. त्यामुळे टनांतले ठाम आकडे वाचताना ते कुठल्या लांबीवरून काढले, हे आधी पाहावं. 1999 च्या एका टीव्ही मालिकेत लायोप्ल्युरोडॉन हा दुसरा एक सागरी सरपटणारा प्राणी 25 मीटरचा दाखवला होता आणि तो आकडा अजून फिरतो. प्रत्यक्षात तो प्राणी त्याच्या एका लहान अंशाएवढा होता.

मग फक्त मोजपट्टीवर का थांबायचं? हाडाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की त्याच्या ऊतीची रचना दिसते. ब्रिस्टलजवळच्या ऑस्ट कड्यातून 1850 मध्ये मोठी हाडं मिळाली होती. पुढे ती डायनोसॉरच्या पायांची मानली गेली. 2018 च्या शोधनिबंधाने ती इक्थिओसॉरच्या जबड्याची असावीत असं सुचवलं, आणि बॉन विद्यापीठातल्या मार्चेलो पेरिलो यांनी ऊती तपासून तेच म्हटलं. त्या हाडांतली तंतूंची मांडणी डायनोसॉरच्या हाडांपेक्षा निराळी आहे.

ब्लू अँकरच्या हाडाच्या कापांत आणखी एक गोष्ट दिसली. झाडाच्या खोडात वर्तुळं दिसतात तशा हाडातही वाढीच्या रेषा उमटतात. वाढ थांबली की बाहेरच्या कडेला त्या एकमेकींना चिकटून दाटीने येतात. या हाडात तशी दाटी नाही. दोन मीटरचा हा जबड्याचा तुकडा ज्या प्राण्याचा आहे, तो मेला तेव्हाही वाढतच होता.